शाळेतल्या छळाची कविता लिहायला बसताना

बडोद्यात आमच्या दांडिया बाजारातल्या घरी महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी सात-आठ जण कविता वाचायला जमतात. नवीन आलेल्यांपैकी बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला पर्समधून किंवा खिशातून घडी घातलेला एक कागद काढतात. त्यावर शाळेची गोष्ट असते, नाहीतर होस्टेलची, नाहीतर सोसायटीतल्या पोरांची. कुणीतरी त्यांना वर्षानुवर्षं छळलेलं असतं. वाचायला सुरुवात करण्याआधी जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, "तसं काही मोठं नाहीये हं."

मी त्यांच्यातलीच आहे. पाचवी ते आठवी या चार वर्षांत वर्गात मला माझं नाव नव्हतं, 'तोतडी' एवढंच होतं. बोलताना मी अडखळायचे. हजेरीला माझा नंबर आला की आधी सगळा वर्ग शांत व्हायचा, मग मागच्या बाकावरून कुणीतरी गुजरातीत म्हणायचं, "बोल ने, तोतडी." मला 'हाजर' म्हणायचं असायचं आणि तो 'हा' घशात अडकून बसायचा. पुढे काय व्हायचं ते तुम्हाला माहीतच असेल.

तेव्हा पहिलं काम म्हणजे "तसं काही मोठं नाही" हे वाक्य मनातून काढून टाका. ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांची आयुष्यभर माहिती ठेवली गेली. त्यांतल्या ज्यांना सातव्या आणि अकराव्या वर्षी वरचेवर छळलं गेलं होतं, त्यांच्यात पंचेचाळीस-पन्नाशीतही नैराश्य आणि चिंतेचं प्रमाण जास्त दिसलं. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळीस वर्षांनंतर उरणाऱ्या गोष्टीला किरकोळ म्हणत बसलात तर कविताही किरकोळ होईल.

झालं काय, ते नेमक्या शब्दात लिहा

'छळ' हा शब्द मोठा आहे आणि कवितेच्या सुरुवातीला तो उपयोगी पडत नाही. रोजच्या बोलण्यात आपल्याकडे यासाठी केवढे शब्द आहेत: चिडवणं, टिंगल, नक्कल करणं, दादागिरी, धमकावणं, टपल्या मारणं, डबा पळवणं, वाळीत टाकणं, कट्टी करायला लावणं, कॉलेजातलं रॅगिंग. आता त्यात व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढून टाकणं आणि फोटोवर घाणेरडे स्टिकर करणंही आलं. यांतला तुमचा कोणता? ज्याचा डबा रोज पळवला गेला आणि ज्याच्याशी वर्षभर कुणी बोललंच नाही, त्या दोघांच्या कविता सारख्या होणार नाहीत. एकाच्या कवितेत खूप आवाज असेल, दुसऱ्याच्या कवितेत आवाजच नसेल.

एखादी गोष्ट भांडण होती की छळ, असा प्रश्न पडला तर डॅन ओल्व्हेउस या नॉर्वेत काम केलेल्या मानसशास्त्रज्ञाच्या तीन खुणा पाहा. पुन्हा पुन्हा घडत होतं का? मुद्दाम होत होतं का? आणि समोरच्याचं पारडं जड होतं का, म्हणजे वयानं, संख्येनं, ताकदीनं किंवा वर्गातल्या वजनानं? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर पुढे लिहा.

आजच्या सवयीपासून सुरुवात करा

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही पायरी. नवे लोक बहुतेक वेळा त्या दिवसापासून सुरुवात करतात: शाळेची घंटा, पावसाळा, नवा गणवेश. मग कविता आठवणींच्या वहीसारखी होते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, झालं ते झालं, संपलं. पण ते संपलेलं नाही म्हणूनच तर तुम्ही लिहिताय. कुठे संपलेलं नाही, ते आजच्या शरीरात शोधा.

मी आजही फोनवर कुणी नाव विचारलं की आधी आडनाव सांगते, कारण आडनावाचं पहिलं अक्षर मला सुटतं. कुरिअरवाला असो, गॅसवाला असो, मी आडनावावर थांबते. कित्येक वर्षं मला ही माझी बोलायची पद्धत वाटत होती. कवितेसाठी बसले तेव्हा कळलं की ती हजेरीची शिक्षा आहे, मी अजून भोगतेय.

आमच्याकडे येणारे एक काका हॉटेलात नेहमी भिंतीला पाठ लावून बसतात. एक मुलगी ऑफिसात डबा उघडते तो अर्धाच, झाकण हाताशी धरून. एकाला मागे कुणी मोठ्यानं हसलं की चालता चालता शर्ट पाठीवरून चाचपायची सवय आहे, कारण सहावीत त्याच्या पाठीवर कागद चिकटवायचे. हे एवढंच लिहिलं तरी अर्धी कविता होते.

करायचं असं: पंधरा मिनिटं गजर लावा आणि 'आजही मी' या शब्दांनी सुरू होणारी वाक्यं लिहा. व्याकरण, यमक, अक्षर कशाकडेही बघू नका. 'आजही मी लिफ्टमध्ये सगळ्यात शेवटी शिरतो.' 'आजही मी ग्रुप फोटोत कडेला उभी राहते.' दहा-बारा वाक्यं होतील. त्यातलं ज्याच्यावर पेन थोडा वेळ थांबलं, ती तुमची पहिली ओळ.

पंधरा मिनिटं हा आकडा मी मनानं काढलेला नाही. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं आपल्या सगळ्यात त्रासदायक अनुभवाविषयी लिहायला लावलं होतं. लिहून झाल्या झाल्या त्यांना आणखी वाईट वाटलं. पुढच्या महिन्यांत मात्र दवाखान्यात जाण्याचं त्यांचं प्रमाण इतरांपेक्षा कमी राहिलं. म्हणून पहिल्या दिवशी लिहून उठल्यावर मन जड झालं तर घाबरू नका. वही बंद करा, चक्कर मारून या, कुणाशी तरी वेगळ्याच विषयावर बोला. रात्री झोपण्याआधी मात्र हे लिहायला बसू नका.

आणि वाईट वाटणं दिवसेंदिवस वाढतच गेलं, झोप उडाली, जगण्यात अर्थ नाही असे विचार येऊ लागले, तर कविता बाजूला ठेवा आणि १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालते. छळ आत्ता चालू असेल आणि मूल अठराच्या आतलं असेल तर १०९८. कॉलेजात रॅगिंग होत असेल तर १८००-१८०-५५२२. चालू असलेल्या छळावर उपाय म्हणून कविता लिहीत बसू नका, आधी मोठ्या माणसांना मध्ये घ्या.

एक जागा, एक वस्तू

सवय सापडली की मागे जा. पण चार वर्षं एका कवितेत कोंबू नका, एकाच दिवसाकडे जा. त्या दिवशी उजेड कसा होता? कितीजण होते? हातात काय होतं?

हे शिकायला आपल्या गावातच एक जागा आहे. कमाटी बागेत फिरायला जाता ना, तिथेच १९१७ च्या सप्टेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसून राहिले होते. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर परदेशात शिकून ते इथे नोकरीला आले आणि राहायला जागा मिळेना म्हणून पारशी सराईत उतरले. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर माणसं हातात काठ्या घेऊन त्यांच्या खोलीशी आली आणि त्यांना जागा सोडावी लागली. दोन मित्रांकडे आसरा मागितला, दोघांनीही टाळलं. मग रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीपर्यंत ते या बागेत बसले.

जातीच्या त्या अपमानाला शाळेतल्या चिडवाचिडवीच्या रांगेत बसवणं बरोबर होणार नाही, त्याचा प्रकार वेगळा आणि घाव फार खोल. पण लिहिणाऱ्यानं त्यांच्याकडून एक गोष्ट जरूर घ्यावी. अठरा वर्षांनी त्यांनी हा प्रसंग लिहिला तेव्हा माणसं किती होती ते लिहिलं, प्रत्येकाच्या हातात काठी होती हे लिहिलं, सराईतला कंदिलाचा मिणमिणता उजेड लिहिला, आपण काय गयावया केली ते लिहिलं. आणि हेही लिहिलं की ते दृश्य अठरा वर्षांनीही पुसट झालेलं नाही, आठवलं की डोळ्यांत पाणी येतंच. आपल्याला कसं वाटलं याची विशेषणं त्यात फार नाहीत. काठ्या आहेत, कंदील आहे, गाडीची वेळ आहे. ते बसले होते त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात; तिच्यापाशी कधी जाल तेव्हा तिथे पाच मिनिटं बसा आणि स्वतःच्या प्रसंगातल्या वस्तू बोटांवर मोजा.

माझ्या प्रसंगातल्या मोजल्या तर एवढ्या निघतात: हजेरीचं लांबट पुस्तक, त्याला दोरीनं बांधलेलं लाल पेन, बेनच्या, म्हणजे आमच्या बाईंच्या, मनगटावरचं घड्याळ. माझ्या 'हा'ची वाट बघताना बेन त्या घड्याळाकडे बघायच्या. रागावल्या नाहीत कधी. नुसत्या घड्याळाकडे बघायच्या.

शिवी ज्या भाषेत होती त्याच भाषेत राहू द्या

बडोद्याच्या मराठी माणसाला ही अडचण हटकून येते. घरात मराठी, शाळेत नि रस्त्यावर गुजराती. छळ झाला तो गुजरातीत, आईनं पदरानं डोळे पुसले ते मराठीत. मग कविता मराठी म्हणून आपण शिवीही मराठी करून टाकतो. मी पहिल्या खर्ड्यात 'तोतरी' लिहिलं होतं. वाचून दाखवलं आणि मलाच काही वाटेना. कारण मला 'तोतरी' कुणी कधी म्हटलंच नव्हतं! 'तोतडी'तला तो 'ड' दगडासारखा लागायचा. तो परत आणला तेव्हा कविता उभी राहिली.

तसंच 'बोल ने'. 'बोल ना' केलं की ती विनवणी होते, 'बोल ने' म्हटलं की मागचा बाक दिसतो. उतरायणाला, म्हणजे संक्रांतीला, कुणाचा पतंग कापला की गच्चीवर माइक लावून पोरं 'लपेट' ओरडतात. एका वर्षी शेजारच्या गच्चीवरून माइकवर 'लपेट, तोतडी' असं संध्याकाळपर्यंत चाललं. आमच्या गच्चीवर तर माझा पतंगही नव्हता, मी भावाची फिरकी धरून उभी होते. हा 'लपेट' मराठीत कसा आणणार? आणूच नये. बडोदेकर वाचकाला तो कळतो आणि पुण्याच्या वाचकाला दोन ओळींत संदर्भावरून कळेल. कवितेखाली तळटीप देऊ नका, ओळीतच एवढं ठेवा की अर्थ लागेल.

आईची वाक्यंही तशीच्या तशी घ्या. "तू लक्षच देऊ नकोस." "पोरं आहेत, बोलायचीच." बऱ्याच घरांत हेच म्हटलं गेलं, प्रेमानं म्हटलं गेलं, आणि तेही आपल्यात राहून गेलं. शिवी आणि सांत्वन दोन भाषांत समोरासमोर ठेवलंत तर मध्ये काही समजावून सांगावं लागत नाही.

बोलतंय कोण?

सगळ्यांना वाटतं की ही कविता 'मी'चीच असते. आपल्याकडची एक जुनी आणि फार मोठी रचना मात्र दाराबाहेर उभ्या असलेल्या बहिणीची आहे. परंपरा सांगते की संन्याशाची पोरं म्हणून लोकांनी टाकून बोलल्यावर ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा मुक्ताबाईनं बाहेरून त्यांना ताटी उघडायची विनवणी केली. तेच ताटीचे अभंग. अपमान झालेला माणूस आत गप्प आहे आणि शब्द सगळे बाहेरच्या माणसाचे. तुमचा भाऊ, तुमची मैत्रीण, तुमचं मूल छळाला सामोरं गेलं असेल तर या जागेवरून लिहून पाहा. मुक्ताबाई भावाला लोकांना क्षमा करायला सांगते. तुमच्या कवितेनं क्षमा केलीच पाहिजे असं मात्र नाही. माझ्या कवितेनं अजून केलेली नाही.

तिसरी जागा बघ्याची, आणि ती अवघड आहे. सातवीत वर्गात एक नवी मुलगी आली, सावली गावाहून आलेली, तिच्या बोलण्याला गावाकडचा हेल होता. सगळे तिला हसले त्या दिवशी मला कुणी 'तोतडी' म्हटलं नाही. मी पण हसले. त्या एका दिवसाची कविता मला माझ्या चार वर्षांच्या कवितेपेक्षा जास्त जड गेली. ज्यांना छळलं गेलं त्यांच्यापैकी अनेकांकडे असा एखादा दिवस असतो. पहिल्याच कवितेत तो काढायची गरज नाही, पण तो आहे हे माहीत असू द्या. कधीतरी तो लिहिल्याशिवाय बाकीच्या कविता पुऱ्या खऱ्या होत नाहीत, असं मला वाटतं.

साचा

बरेच जण सरळ मुक्तछंदात लिहितात आणि ते ठीक आहे. तरी पहिल्या दोन-चार कवितांना अभंगाचा साचा घेऊन बघा. मोठ्या अभंगाचे चार चरण, अक्षरं सहा, सहा, सहा, चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. जोडाक्षर एकच धरायचं. माझा एक असा:

नाव विचारता
घसा दाटे आज
हसण्याची गाज
ऐकू येते

एवढ्या लहान जागेत रडारड मावत नाही, हा त्याचा मोठा गुण. दुसरा गुण माझ्यासारख्यांसाठी. ठेक्यावर म्हणताना, गाताना अडखळणं बरंचसं थांबतं, हा तोतरेपणा असलेल्या बहुतेकांचा अनुभव आहे. लहानपणी आजीबरोबर अभंग म्हणताना मी एकदाही अडकले नव्हते.

ओवीही आहेच. सासुरवासाच्या जात्यावरच्या ओव्या म्हणजे घरातल्या छळाविषयी बायकांनी पहाटे स्वतःशी म्हटलेली कविताच. गझल लिहायची हौस असेल तर मराठीत ती रुजवणारे माधव जूलियन १८९४ मध्ये बडोद्यातच जन्मले, त्यांच्यापासून सुरुवात करा. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे. पण नवख्यानं या विषयावर गझल लगेच लिहू नये असं माझं मत आहे. यमकाच्या नादात खोटं बोललं जातं.

काटछाट

खर्डा चार दिवस ठेवून द्या. मग लाल पेन घेऊन वेदना, जखम, अश्रू, काळोख, हृदय हे शब्द शोधा आणि खोडा. ते शब्द वाईट नाहीत, पण ते सगळ्यांचे आहेत, तुमचा डबा फक्त तुमचा होता.

आमच्याकडच्या एका कवितेचा पहिला खर्डा असा होता:

सगळ्यांनी मला एकटं पाडलं,
हृदयाच्या झाल्या ठिकऱ्या,
नवरात्रीत रंग सारे
माझ्यासाठी काळे झाले.

आम्ही तिला एवढंच विचारलं, "म्हणजे झालं काय?" ती म्हणाली, "गरब्याच्या गोलात शिरायला गेले तर मैत्रिणींनी मध्ये जागाच सोडली नाही." "मग तू काय केलंस?" "चपला शोधत बसले." महिन्याभरानं तिनं हे आणलं:

त्रण ताळीचा गरबा.
पुढची सरकली, मागची सरकली,
माझ्याएवढी फट राहिली नाही.
मी चपला हरवल्याचं नाटक केलं.
अजूनही कुणाच्या वरातीत
मी चपलांपाशी उभी असते.

शेवटच्या दोन ओळी तिच्या 'आजही मी'च्या यादीतून आल्या आहेत, ते ध्यानात घ्या. आणि पहिल्या खर्ड्याला नावं ठेवू नका. तो लिहिला नसता तर दुसरा आलाच नसता.

छळणाऱ्याचं खरं नाव, आडनाव, गल्ली, दुकान कवितेत घालू नका. कायद्याची भानगड नको हे एक कारण. दुसरं असं की नाव घातलं की कविता त्याच्याविषयी होते. त्याच्या हातातली वस्तू ठेवा, शिट्टी ठेवा, आवाज ठेवा. फेसबुकवर टाकण्याआधी घरच्यांपैकी ज्यांचा उल्लेख आहे त्यांना आधी वाचून दाखवा. मी आईला वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली आणि मग विचारलं, "उतरायणाला पण?"

मोठ्यानं वाचताना

पहिल्यांदा एकाच माणसासमोर वाचा, नंतर चार-पाच जणांत. ऐकणाऱ्यांसाठी आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत आणि त्या कुठल्याही बैठकीत चालतील. वाचणारा अडखळला तर कुणी शब्द पुरवायचा नाही. वाचून झाल्यावर "माझ्या बाबतीत तर याहून" असं म्हणत स्वतःचा किस्सा लगेच काढायचा नाही. आणि "आता विसरून जा" हे वाक्य तर अजिबात नको. ओळीबद्दल बोलायचं: कुठली दिसली, कुठली कळली नाही.

वाचणाऱ्यानं कागद टेबलावर ठेवावा, हातात थरथरतो. पाण्याचा पेला जवळ असू द्या. कवितेचं शीर्षक सांगण्याआधी स्वतःचं नाव सांगा, पूर्ण. माझ्या पहिल्या शनिवारी मी आडनावापासून सुरुवात केली आणि थांबले. मग परत पहिल्यापासून, नाव. ते बाहेर यायला वेळ लागला. खाली रिक्षा गेली, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. घड्याळाकडे कुणी बघितलं नाही.